जुन्या इंजिनासाठी नव्या पिस्टनची निवड

तंजावरहून दक्षिणेकडे पट्टुकोट्टैला जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु हे तालुक्याचे गाव लागते. मराठी वाचकाला ते सर्वस्वी परके नाही. तंजावरचे सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी वाटसरूंसाठी व रामेश्वरच्या यात्रेकरूंसाठी जी छत्रे चालविली, त्यांपैकी मुक्तांबाळच्या नावाचे छत्र याच गावी आहे. परंतु आज ओरत्तनाडूची ओळख यात्रेकरूंपेक्षा भातशेतीवरून होते. १९३४ साली मेट्टूर धरण पुरे झाले आणि त्याच योजनेतील कालव्याने कल्लणैपासून कावेरीचे पाणी या भागात आणले. तेव्हापासून येथील शेतीचे वेळापत्रक धरणाच्या दरवाजांशी बांधले गेले आहे. दरवाजे उघडण्याचा रूढ दिवस १२ जून हा होय. तो नेहमीच पाळला जातो असे नाही. २०२२ मध्ये पाणी २४ मे रोजीच सोडण्यात आले, तर २०२४ मध्ये जुलै सरत आला तेव्हा. पाणी केव्हाही येवो, ते आले की कुरुवै हंगामाच्या चिखलणीला विलंब चालत नाही.

चिखलणी हे इंजिनाच्या दृष्टीने अत्यंत कष्टाचे काम आहे. ट्रॅक्टरला लोखंडी जाळीची चाके लावलेली असतात, ती चिखलात रुततात, गाडी माणसाच्या चालीने पुढे सरकते आणि इंजिन मात्र जवळजवळ पूर्ण भाराखाली तासन्‌तास चालत असते. रस्त्यावरच्या मालमोटारीला समोरून वाऱ्याचा झोत मिळतो. येथे तो मिळत नाही. रेडिएटरच्या जाळीत पेंढ्याची कुसे अडकलेली असतात. अशा स्थितीत एखाद्या जुन्या इंजिनाने तेल खाण्यास, निळा धूर सोडण्यास व ताकद गमावण्यास सुरुवात केली, की मालकापुढे प्रश्न उभा राहतो: पाणी येण्यापूर्वी इंजिन उघडावयाचे, तर आत पिस्टन कोणता बसवावयाचा? हा निर्णय चुकला तर त्याची किंमत पिस्टनच्या किमतीत मोजता येत नाही. ती भाड्याने आणलेल्या ट्रॅक्टरच्या तासांत आणि उशिरा झालेल्या लावणीत मोजावी लागते.

मराठीत पिस्टनला दट्ट्या हा चांगला शब्द आहे. तथापि कारखान्यात सर्वजण पिस्टन हाच शब्द वापरतात, म्हणून पुढील विवेचनातही तोच ठेवला आहे.

जुना पिस्टन काय सांगतो

इंजिन उघडल्यावर बहुतेक ठिकाणी जुने पिस्टन एका डब्यात टाकले जातात आणि दुकानातून ‘तसेच’ नवे आणण्यास मुलगा धाडला जातो. ही पद्धत चुकीची आहे. जुना पिस्टन हा त्या इंजिनाचा दैनंदिन वृत्तांत असतो आणि तो वाचल्याशिवाय नवा निवडणे म्हणजे आजार न विचारता औषध घेणे होय.

पिस्टन रॉकेलने धुऊन उन्हाच्या उजेडात पाहावा. त्याच्या बाजूंवर वरपासून खालपर्यंत बारीक, सरळ, मंद रेघा असतील, वरच्या रिंगेची खाच रुंद झाली असेल आणि रिंग तिच्यात सैल हलत असेल, तर इंजिनाने धूळ गिळली आहे. ही धूळ हवेच्या गाळणीतून, किंवा अधिक वेळा गाळणी व इंजिन यांना जोडणाऱ्या रबरी नळीच्या भेगेतून आत येते. तेलाच्या गाळणीत चिखलाचा थर साचला असेल तर वेगळा पुरावा शोधण्याची गरज नाही. अशा इंजिनात कितीही उत्तम पिस्टन घातला तरी नळी बदलेपर्यंत त्याचे आयुष्य एका हंगामाचे.

रेघांऐवजी धातू ओरबाडून फासल्यासारखा दिसत असेल आणि ही खूण पिस्टनच्या समोरासमोरच्या दोन्ही बाजूंवर असेल, तर इंजिन तापले होते. पाणी कमी पडले, रेडिएटर चोंदला, किंवा मागच्या वेळी पिस्टन व सिलिंडर यांमधील अंतर फारच कमी ठेवले गेले. ओरबाडा एका बाजूस वर आणि दुसऱ्या बाजूस खाली, असा तिरका असेल तर दोष पिस्टनचा नसून कनेक्टिंग रॉड वाकलेला आहे. तो सरळ आहे याची खात्री केल्यावाचून नवा पिस्टन त्यावर चढवू नये. डिझेल इंजिनात पिस्टनच्या माथ्याची कडा वितळून खाल्ल्यासारखी दिसली तर इंजेक्टर तपासावयास पाठवावा. डिझेलचा फवारा न होता धार पडत असेल तर ती ज्योतीप्रमाणे एकाच जागी लागते, आणि ॲल्युमिनियम तेथे टिकाव धरीत नाही.

एवढे वाचन झाल्यावर निम्मा निर्णय झालेला असतो, कारण मग पिस्टनच्या दुकानाबरोबरच आणखी कोणत्या दुकानांत जावयाचे हे कळते.

सिलिंडरचे मोजमाप

सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही. वरची रिंग आपल्या धावेच्या टोकाला जेथे क्षणभर थांबते, तेथे उष्णता सर्वाधिक व तेल सर्वांत कमी असते. म्हणून झीज तेथे सर्वांत जास्त. शिवाय स्फोटाचा दाब पिस्टनला क्रँकच्या आडव्या दिशेस भिंतीवर रेटतो, त्यामुळे सिलिंडर त्या दिशेने अंडाकृती होतो. म्हणून माप वर, मध्ये व खाली अशा तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या लांबीच्या दिशेने एकदा व तिच्या आडवे एकदा, असे एकूण सहा वेळा घेतले पाहिजे. बोटाने चाचपून ‘अजून चालेल’ असे सांगणारे कारागीर पुष्कळ भेटतात; मिलीमीटरच्या दहाव्या भागाचे अंतर बोटाला कळते, पण ते झीज आहे की तिरकेपणा हे बोट सांगू शकत नाही.

वर आणि खाली यांतील फरक निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत असेल, तर केवळ नव्या रिंगा घालून काम भागते. परंतु येथे एक सापळा आहे. जुन्या रिंगेच्या धावेवर सिलिंडरच्या तोंडाशी न झिजलेल्या धातूची एक कडा उरते. नव्या रिंगेचे कोपरे धारदार असल्याने ती रिंग या कडेवर आदळते आणि काही दिवसांतच स्वतः तुटते किंवा पिस्टनवरील खाचेची भिंत तोडते. पाणी सुटायला चार दिवस उरले असताना ‘फक्त रिंगा बदला’ म्हणून केलेली बहुतेक दुरुस्ती अशी फसते.

झीज मर्यादेपलीकडे गेली असेल तर पुढची वाट इंजिनाच्या रचनेवर ठरते. काही इंजिनांत सिलिंडर थेट ब्लॉकमध्येच कोरलेला असतो. आपल्याकडच्या जुन्या विलीज जीपचे पेट्रोल इंजिन अशा प्रकारचे आहे. त्याचा सिलिंडर ७९.४ मिमी व्यासाचा, धाव १११.१ मिमी आणि चार सिलिंडर मिळून आकारमान सुमारे २,२०० घनसेंटिमीटर. येथे सिलिंडर मोठा करून, म्हणजे ‘बोअर’ करून, त्यात मोठा पिस्टन बसवावा लागतो. असे पिस्टन ०.०१० इंचाच्या, म्हणजे साधारण पाव मिलीमीटरच्या, पायऱ्यांनी ०.०४० इंचांपर्यंत मिळत आले आहेत. शेवटच्या पायरीवर इंजिनाचे आकारमान सुमारे ५७ घनसेंटिमीटरने, म्हणजे अडीच टक्क्यांहून किंचित अधिक, वाढते. ताकद वाढविण्यासाठी मुद्दाम मोठा पिस्टन घालण्याची हौस काही मालकांना असते, त्यांनी हा आकडा ध्यानात घ्यावा. वाढ नगण्य, आणि ब्लॉकची पुढची तीन आयुष्ये एकाच वेळी खर्च. ज्या पायरीवर सर्वांत झिजलेला सिलिंडर स्वच्छ होतो, ती सर्वांत लहान पायरी निवडावी. आणि एका सिलिंडरला जी पायरी, तीच सर्वांना.

ट्रॅक्टरच्या पुष्कळशा डिझेल इंजिनांत मात्र ब्लॉकमध्ये बिडाची वेगळी नळी, म्हणजे लायनर, असतो. तेथे बोअर करण्याचा प्रश्न सहसा येत नाही. लायनर बदलावयाचा आणि मूळ मापाचाच पिस्टन घालावयाचा. हा मार्ग महाग दिसतो, परंतु ज्या गावात बोअरिंगचे विश्वासू यंत्र जवळ नाही तेथे तोच अधिक सुरक्षित आहे, कारण लायनरचे माप कारखान्यात ठरलेले असते.

कोणत्या इंजिनाचा पिस्टन?

या प्रश्नाचे उत्तर वाहनाच्या नावावरून देता येत नाही. मद्रासमध्ये १८४० साली बग्ग्या बांधणारी म्हणून सुरू झालेली सिंप्सन ही कंपनी पुढे इंग्लंडच्या पर्किन्सच्या आराखड्यावरून डिझेल इंजिने बनवू लागली आणि १९६० साली स्थापन झालेल्या टॅफेच्या मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरांवर ती बसली. एकाच घराण्यातील ही इंजिने दिसण्यात भावंडांसारखी आहेत. पर्किन्सच्या जुन्या पी३ इंजिनाचा सिलिंडर ८८.९ मिमी व्यासाचा, तर नंतरच्या ३.१५२ चा ९१.४४ मिमी, धाव मात्र दोहोंची १२७ मिमी. जीपचेही तसेच. मुंबईच्या महिंद्रांनी विलीजच्या पेट्रोल इंजिनापासून सुरुवात केली, पुढे त्याच आवरणाखाली प्यूजोच्या आराखड्याचे एक्सडीपी ४.९० हे ९० मिमी व्यासाचे व ८३ मिमी धावेचे डिझेल इंजिन आले. आणि मालकांनी आपापल्या सोयीने केलेल्या अदलाबदली तर मोजण्यापलीकडच्या आहेत. म्हणून ब्लॉकवर ठोकलेला इंजिन क्रमांक खडूने घासून वाचावा व लिहून न्यावा. जुना पिस्टनही बरोबर न्यावा, पण केवळ तुलनेसाठी. मागच्या दुरुस्तीत चुकीचा पिस्टन बसलेला असण्याची शक्यता असतेच.

तुलना करताना व्यास हे सर्वांत सोपे आणि म्हणूनच सर्वांत कमी फसवे माप आहे. खरी फसगत होते ती पिनेच्या मध्यापासून माथ्यापर्यंतच्या उंचीत. एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. व्यास ९१.४४ मिमी आणि धाव १२७ मिमी असल्यास प्रत्येक सिलिंडरमध्ये पिस्टन ८३४ घनसेंटिमीटर जागा व्यापतो. समजा संपीडन गुणोत्तर १८ आहे. म्हणजे पिस्टन अगदी वर असताना हवेसाठी सुमारे ४९ घनसेंटिमीटर जागा उरते. आता दुकानदाराने दिलेल्या पिस्टनची ही उंची केवळ अर्धा मिलीमीटर कमी असेल, तर त्या जागेत ३.३ घनसेंटिमीटरची भर पडते आणि गुणोत्तर १७ वर येते. हवा पुरेशी तापत नाही, पहाटे इंजिन सुरू होण्यास कुरकुरते, पांढरा धूर येतो, आणि दोष बॅटरीवर ढकलला जातो. उंची अर्धा मिलीमीटर जास्त असेल तर परिणाम तत्काळ दिसतो: पिस्टन व्हॉल्व्हवर किंवा हेडवर आदळण्याची भीती असते.

माथ्याचा आकारही असाच पाहावा लागतो. ज्या डिझेल इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, त्याच्या पिस्टनच्या माथ्यात खोल वाटी असते. ज्वलनाचा आरंभ त्या वाटीत होतो. ज्यात हेडमधील वेगळ्या कप्प्यात इंधन फवारले जाते, त्याचा माथा जवळजवळ सपाट असतो. व्यास, पिन, उंची ही सर्व मापे जुळूनही वाटी वेगळी असेल तर तो पिस्टन त्या इंजिनाचा नव्हे. त्यानंतर पिनेचा व्यास, रिंगांच्या खाचांची संख्या व रुंदी आणि वजन. वजन सोन्याच्या काट्यावर करण्याची गरज नाही, पण संचातील पिस्टन एकमेकांशी थोड्या ग्रॅमच्या फरकात जुळले पाहिजेत. एकच पिस्टन फुटला म्हणून एकच नवा आणावयाचा झाल्यास हे वजन अवश्य पाहावे.

धातू आणि उष्णता

पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडर बिडाचा. या विजोड संसारातून निवडीचा सर्वांत नाजूक प्रश्न उद्‌भवतो. सारख्या तापमानवाढीत ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. म्हणूनच पिस्टनच्या मिश्रधातूत सुमारे १२ टक्के सिलिकॉन मिसळतात. त्याने प्रसरण काहीसे कमी होते आणि झीजही रोखली जाते. तरीही ९१ मिमीचा पिस्टन १२० अंशांनी तापला तर सुमारे ०.२३ मिमी फुगतो, आणि ८० अंशांनी तापलेला सिलिंडर केवळ ०.०८ मिमी. थंड अवस्थेत दोहोंमध्ये जे अंतर ठेवावे लागते ते या फरकासाठी. ते कमी ठेवले तर पिस्टन जाम होतो. जास्त ठेवले तर खडखडतो आणि तेल वर चढते.

निर्माता हे अंतर एका आकड्याने न देता ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असे देतो. शहरात फिरणाऱ्या गाडीसाठी खालचे टोक शोभते. चिखलात पूर्ण भाराने, मंद गतीने आणि अर्धवट चोंदलेल्या रेडिएटरसह चालावयाच्या इंजिनासाठी वरच्या टोकाकडे झुकणे शहाणपणाचे आहे, मर्यादा मात्र ओलांडू नये.

घडीव पिस्टनचा मोह अलीकडे जीपच्या शौकीन मालकांना पडतो. ओतीव पिस्टनपेक्षा तो बळकट असतो हे खरे. परंतु घडीव पिस्टनसाठी जे मिश्रधातू वापरले जातात त्यांतील काही अधिक प्रसरण पावतात, त्यांना अंतर जास्त लागते आणि थंड इंजिन वाजते. शर्यतीच्या इंजिनाला जे हवे ते शेतातल्या इंजिनाला हवे असतेच असे नाही. ट्रॅक्टरसाठी खरी पारख वेगळ्या ठिकाणी करावी: वरच्या रिंगेच्या खाचेत निकेलयुक्त बिडाची कडी ओतून बसविली आहे काय? असे बीड प्रसरणात ॲल्युमिनियमच्या बरेच जवळ असल्याने त्यात घट्ट राहते आणि धुळीला ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी अधिक काळ तोंड देते. मूळ पिस्टनमध्ये ही कडी असेल तर ती नसलेला स्वस्त पिस्टन कोणत्याही कारणाने स्वीकारू नये. नकली मालात बहुधा हीच गोष्ट वगळलेली असते, कारण ती करण्यास खर्च येतो आणि खोक्यात बंद असताना ती कोणी पाहत नाही.

या भागाचे एक भाग्य असे की पिस्टनचा कारखाना फार दूर नाही. मद्रासच्या सेंबियम भागात इंडिया पिस्टन्सची स्थापना १९४९ साली झाली. आपल्याकडे कोल्हापूरच्या ओतशाळांच्या परंपरेतून १९७७ साली मेनन पिस्टन्स ही कंपनी उभी राहिली. परदेशी इंजिनांचे सुटे भाग बोटीने येण्याची वाट पाहण्याचे दिवस त्यामुळे संपले.

खरेदीनंतर

क्रम महत्त्वाचा आहे. आधी पिस्टन विकत घ्यावेत, मग ते बोअरिंगच्या कारखान्यात न्यावेत आणि प्रत्येक सिलिंडर त्या त्या प्रत्यक्ष पिस्टनच्या मापाने कापून घ्यावा. खोक्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबून आधी सिलिंडर कापणे आणि नंतर पिस्टन शोधणे ही उलटी रीत होय. पिस्टनचे माप पिनेच्या काटकोनात, निर्मात्याने सांगितलेल्या उंचीवर घ्यावे. पिस्टन मुद्दाम किंचित अंडाकृती व खाली रुंद बनविलेला असतो, म्हणून इतर कोठेही घेतलेले माप फसवे ठरते.

तंजावरच्या मे महिन्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. दुपारी उन्हात ठेवलेला पिस्टन सकाळच्या मानाने ३० अंशांनी तापला, तर त्याचा व्यास जवळजवळ ०.०६ मिमीने वाढलेला असतो. त्या वेळी माप घेऊन सिलिंडर कापला तर ठरविलेल्या अंतरात एवढी भर पडते. पिस्टन, सिलिंडर आणि मायक्रोमीटर ही तिन्ही रात्रभर एकाच खोलीत ठेवून माप सकाळी घ्यावे, एवढाच यावर उपाय आहे.

रिंग पिस्टनवर चढविण्यापूर्वी सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांतील फट पाहावी. व्यासाच्या प्रत्येक इंचामागे तीन ते चार हजारांश इंच हा जुना ठोकताळा आहे. ९१ मिमीच्या सिलिंडरला सुमारे ०.२७ ते ०.३७ मिमी. निर्मात्याचा आकडा असेल तर अर्थातच तोच मानावा. माथ्यावरील बाण किंवा खूण कोणत्या दिशेस हवी हे पिस्टन रॉडवर चढविण्यापूर्वी पाहावे, नंतर नव्हे.

पिस्टन बसल्यावर, हेड ठेवण्यापूर्वी, क्रँक हळू फिरवून प्रत्येक पिस्टन ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा किती वर येतो ते मोजावे. जुन्या ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग मागे एकदा घासून सपाट केलेला असेल, तर योग्य पिस्टनही जास्त वर येतो आणि सारा हिशेब बदलतो. शंका असल्यास माथ्यावर मऊ शिशाच्या तारेचे तुकडे ठेवावेत, जुन्या गॅस्केटसह हेड आवळावे, क्रँक एकदा फिरवावी आणि चेपलेल्या तारेची जाडी मोजावी. या कामात एक तास जातो, आणि घाईच्या दिवसांत बहुधा तोच तास वाचविला जातो.

नव्या पिस्टनचे पहिले काम चिखलणी असू नये, आणि तासभर नुसते रिकामे चालविणेही असू नये. भाराशिवाय चाललेल्या सिलिंडरची भिंत गुळगुळीत चकाकते आणि रिंगा तिच्यावर कधीच नीट बसत नाहीत. कोरड्या रानात हलकी नांगरट किंवा अर्धी भरलेली गाडी ओढणे हे काम योग्य. यासाठी पाणी सुटण्याच्या निदान दोन आठवडे आधी इंजिन जुळलेले असावे. पहिले तेल लवकर बदलावे आणि ते पांढऱ्या फडक्यावर ओतून, चुंबक फिरवून पाहावे. चुंबकाला चिकटणारी बारीक काळी भुकटी रिंगा व सिलिंडर परस्परांशी जुळत असल्याची असते. चुंबकाला न चिकटणारे चकचकीत पांढरे कण दिसले, तर ते पिस्टनचे असतात, आणि मग कालव्यात पाणी आलेले असो वा नसो, हेड पुन्हा उतरवावे लागते.